नवं कार्ड घेऊ नकोस, आधी नोंद बघ

पत्र असं आहे:

‘ताई, मी २५ वर्षांचा, सिडकोत पवननगरला राहतो. अंबडला सीएनसी मशीनवर आहे, पाळी दर आठवड्याला बदलते. दीड वर्ष पैसे साठवून मागच्या दिवाळीत पीसी असेंबल करून घेतला. ज्या गेमची आम्ही चार मित्र कधीपासून वाट बघत होतो तो शेवटी आला. प्रीऑर्डर केला होता, चार हजारांच्या आसपास गेले, दोन दिवस रजाही टाकली. गोष्टीत एक पूल आहे. तो ओलांडून बाजारात शिरलो की गेम बंद. कधी नुसता डेस्कटॉपवर फेकतो, कधी ग्राफिक डिव्हाइस रिमूव्ह झालं असा मेसेज येतो. तीन आठवडे झाले, दुरुस्तीचे दोन पॅच आले, फरक शून्य. ड्रायव्हर बदलले, रॅम काढून घातली, ग्राफिक कार्ड काढून घातलं, शेवटी फॉरमॅट मारला. बाकीचे गेम तासन् तास चालतात. नाशिकरोडचा मित्र म्हणतो, माझ्याकडे मक्खन चालतो, तुझंच कार्ड गेलंय. कंपनीला मेल केले, दर वेळी तेच छापील उत्तर: ड्रायव्हर अपडेट करा. शेवटच्या मेलमध्ये मी घाण शिव्या घातल्या. तिघांचा गेम संपत आलाय. माझ्यामुळे ते ग्रुपवर गोष्टीबद्दल बोलत नाहीत, म्हणून मीच ग्रुप म्यूट केलाय. बाबा म्हणतात, पैसे पाण्यात घातलेस. रात्री दोन-तीनपर्यंत हेच चालतं आणि सकाळी सातला मशीनवर उभा असतो. हप्त्यावर नवं कार्ड घेऊ का? की सगळंच विकून टाकू?
पुलावर अडकलेला, सिडको’

प्रिय भावा,

तुझ्या शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर आधी देते, कारण तू आज-उद्या दुकानाची पायरी चढशील अशी मला भीती वाटते. हप्त्यावर कार्ड घेऊ नकोस. पीसी विकू नकोस. तू जे लिहिलंयस त्यावरून कार्ड बिघडलं असण्याची शक्यता मला फार कमी दिसते. नवं कार्ड आणलंस आणि गेम पुन्हा त्याच बाजारात बसला, तर गेमही नाही आणि वर्षभर पगारातून हप्ता मात्र जाणार.

निदानाचा मोठा भाग तूच पत्रात लिहून ठेवलायस. दर वेळी पूल ओलांडला की बंद पडतो, आणि दुसऱ्या कुठल्या गेमला काही होत नाही. कार्ड, रॅम किंवा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) खरोखर गेलं की ते जागा बघून त्रास देत नाही. कधी मेनूत बंद पडेल, कधी लढाईत, कधी दुसऱ्याच गेममध्ये, कधी नुसता व्हिडिओ बघताना. एकाच गेममध्ये, एकाच ठिकाणी, फॉरमॅट मारल्यावरही तिथेच, असं असेल तर संशय आधी गेमवर घ्यायचा. बाजारात शिरताना असा गेम एकदम पुष्कळ नवं सामान मेमरीत ओढत असतो: माणसं, दुकानं, कपड्यांचे पोत, सावल्या. तिथे प्रोग्रामच्या हिशोबात चूक असेल, किंवा तुझ्या कार्डाच्या मेमरीत मावणार नाही इतकं तो मागत असेल. यातली पहिली गोष्ट फक्त गेम बनवणारे दुरुस्त करू शकतात. दुसरीवर तुझ्या हातात थोडा इलाज आहे, तो पुढे सांगते.

‘डिव्हाइस रिमूव्ह’ या मेसेजने तुला कार्ड उपसून पुन्हा बसवायला लावलं, याचं मला फार वाईट वाटलं, कारण त्या मेसेजचा कार्डाच्या खाचेशी बहुतेक वेळा संबंध नसतो. ग्राफिक कार्डाला दिलेलं काम ते ठरावीक वेळात उरकत नसेल, तर विंडोज वाट बघत बसत नाही. नेहमीच्या सेटिंगमध्ये ही मुदत २ सेकंदांची असते. तेवढ्यात उत्तर आलं नाही की विंडोज ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला, रीसेट करतं. त्या क्षणी गेमच्या दृष्टीने त्याच्या हाताखालचं कार्ड नाहीसं होतं आणि तो तसा मेसेज टाकून मरतो. कार्ड जागच्या जागी घट्ट बसलेलं असतं. गेमनेच कार्डाला न संपणारं किंवा चुकीचं काम दिलं तरी हाच मेसेज येतो.

आता तुझ्या नाशिकरोडच्या मित्राचं. तो खोटं बोलत नाही, आणि त्याच्याकडे चालतो म्हणून तुझा पीसी खराब असंही ठरत नाही. गेमिंग कन्सोल एका मॉडेलचा असला की सगळीकडे जवळजवळ सारखाच असतो. पीसी तसा नसतो. प्रोसेसर वेगळा, कार्डाची कंपनी वेगळी, कार्डावरची मेमरी ८ जीबी की १२, ड्रायव्हर कुठल्या महिन्याचा, विंडोज कुठलं, मागे आणखी काय चालू आहे, हे सगळं घराघरात निराळं. त्यात २०१५ साली विंडोज १० बरोबर डायरेक्टएक्स १२ (गेम आणि कार्ड यांच्यातला दुवा) आलं आणि कार्डाच्या मेमरीचा हिशोब ठेवण्याचं बरंचसं काम ड्रायव्हरकडून निघून गेम लिहिणाऱ्यांच्या अंगावर आलं. त्यामुळे चांगल्या हातात गेम जास्त वेगाने पळतो, पण हिशोब चुकला तर सावरून घेणारं मध्ये फारसं कोणी उरत नाही. ती चूक एका प्रकारच्या कार्डावर दिसते आणि दुसऱ्यावर दिसत नाही, हे नेहमीचंच आहे. शिवाय तुझा मित्र कुठल्या सेटिंगवर खेळतो हे तू विचारलंयस का? तो मीडियमवर आणि तू अल्ट्रावर असाल तर तुम्ही दोघं एकच ओझं उचलत नाही आहात.

तरी माझ्या शब्दावर विसंबू नकोस. एक संध्याकाळ दे आणि स्वतः बघ. सुट्टीच्या दिवशी, झोप झालेली असताना.

विंडोजच्या सर्चमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलंस की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री’ असं येईल. उघड. तारखांचा तक्ता दिसेल आणि ज्या दिवशी काही बंद पडलं त्या दिवसाखाली लाल फुली. फुलीवर क्लिक करून खाली गेमच्या नावासमोर ‘व्ह्यू टेक्निकल डीटेल्स’ दाब. तिथे तीन ओळी कामाच्या आहेत: फॉल्ट मॉड्यूल नेम, एक्सेप्शन कोड आणि एक्सेप्शन ऑफसेट. पहिली सांगते कुठल्या फाइलमध्ये काम करताना मोडलं, दुसरी सांगते कशा प्रकारे मोडलं, तिसरी सांगते त्या फाइलमध्ये नेमकं कुठे. कोड बहुतेक ‘०एक्ससी००००००५’ असेल. त्याचा अर्थ, प्रोग्रामने मेमरीच्या अशा जागी हात घातला जिथे जायची त्याला परवानगी नव्हती. तो कोड एकटा फार काही सांगत नाही, ऑफसेट सांगतो. एकाच पॅचवर झालेले चार-पाच क्रॅश घे आणि त्यांचे ऑफसेट कागदावर एकाखाली एक लिही. तोच मॉड्यूल आणि तोच ऑफसेट पुन्हा पुन्हा येत असेल, तर प्रोग्राम दर वेळी त्याच एका जागी ठेचकाळतो आहे. मग बिघाड गेममध्ये, नाहीतर ड्रायव्हरमध्ये. आणि दर वेळी वेगळा मॉड्यूल, वेगळा ऑफसेट, कधी गेमची फाइल, कधी विंडोजची, असं निघालं तर मात्र मला माझं मत बदलावं लागेल आणि तुला रॅम-प्रोसेसर तपासावे लागतील.

फॉरमॅट मारलास तेव्हा पहिल्या दिवसांच्या या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. म्हणून मला फॉरमॅटचा सल्ला देणाऱ्यांचा राग येतो. दुकानात गेलास की पहिला उपाय तोच, ऑनलाइन विचारलंस की पहिला उपाय तोच. त्यानंतर झालेल्या क्रॅशच्या नोंदी तुझ्याकडे आहेत, त्या जप. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. तुला हे मी सांगायला नको: मशीनवरच्या जॉबचं माप चुकतंय म्हणून तू एकदम मशीनचे दोन ऑफसेट बदललेस, वर कापणारा इन्सर्टही नवा लावलास, तर माप सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही. रात्री दोन वाजता तू पीसीवर नेमकं तेच करत होतास. ड्रायव्हर, रॅम, कार्ड, विंडोज, सगळं एका झपाट्यात.

नोंदी बेभरवशाच्या निघाल्या तर काय करायचं तेही सांगून ठेवते. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू असेल तर ते बंद करून बघ. असेंबल करणारे ते चालू करून देतात, पण तो रॅमला प्रमाणापेक्षा जास्त वेगाने पळवण्याचाच प्रकार आहे. मग मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालू ठेव. तू झोप, तपासणी पीसीला करू दे. एकही चूक दाखवली तर रॅम वॉरंटीत बदलून घे.

तू प्रोसेसर कोणता ते लिहिलं नाहीस. इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा, त्यातही आय७ किंवा आय९ असेल तर हा परिच्छेद नीट वाच, कारण याबाबतीत दोष उलट्या बाजूचा निघाला होता. जगभर कित्येक जणांचे नवे गेम सुरू होतानाच बंद पडत होते आणि व्हिडिओ मेमरी संपली असा मेसेज येत होता. लोक गेमला आणि कार्डाला शिव्या देत होते. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की या पिढ्यांतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना प्रमाणाबाहेर व्होल्टेज मिळत होतं आणि त्याने ते झिजत होते. त्यावर बायोसमधून येणारा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, ऑगस्ट २०२४ पासून निघाला आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. बायोस अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. म्हणून असा प्रोसेसर असेल तर गेमचं काहीही होवो, बायोस अपडेट कर. स्वतः धीर होत नसेल तर ज्याने असेंबल केलं त्याच्याकडून करून घे आणि वॉरंटीची तारीख तपासून ठेव.

उष्णतेचा मुद्दाही तपासायला हवा, कारण सिडकोत पुष्कळांची खोली गच्चीवर पत्र्याखाली असते आणि एप्रिल-मेच्या दुपारी नाशिकचा पारा चाळिशी गाठतो. पण तू रात्री दोनला खेळतोस आणि तेव्हाही तिथेच अडकतोस, तेव्हा तापण्याचा संशय कमी. विजेचंही तसंच. वीज झपकली किंवा एसएमपीएस कमी पडला तर अख्खा पीसी बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ‘कर्नेल-पॉवर ४१’ अशी नोंद राहते. नुसता गेम बंद होऊन डेस्कटॉप शाबूत राहतो, तेव्हा वीज सहसा निर्दोष असते.

आता पूल ओलांडायचा एक मार्ग. शेवटचा सेव्ह पुलाच्या अलीकडचा ठेव. टेक्स्चर सगळ्यात खाली आण, रे ट्रेसिंग बंद, फ्रेम जनरेशन बंद, फ्रेम सेकंदाला ३० वर बांध, मागचे ओव्हरले आणि रेकॉर्डिंग बंद. गेमच्या सुरुवातीला डायरेक्टएक्स ११ निवडायची सोय असेल तर ती निवड. बाजार पार झाला की सेव्ह कर आणि सेटिंग एकेक करून वर ने. एवढं करूनही पडला, तर तुझा पुलाअलीकडचा सेव्ह नाशिकरोडला पाठव आणि त्याचा बाजाराच्या पुढचा सेव्ह तू मागव. दोघांनी क्लाउड सिंक आधी बंद करा आणि आपापल्या सेव्हची कॉपी बाजूला ठेवा, नाहीतर एकाचा खेळ दुसऱ्यावर चढेल. तुझा सेव्ह त्याच्याकडेही बाजारात बसला, तर तुझ्या कार्डाबद्दलची चर्चा तिथेच संपते. सगळ्याच गेममध्ये दुसऱ्याचा सेव्ह चालत नाही, पण चालला तर एवढी स्वस्त परीक्षा दुसरी नाही.

ही एक संध्याकाळ झाली की थांबायचं. यापुढे तुझ्या झोपेतला एक तासही या गेमने घ्यायचा नाही.

पैशाचं बोलू. तू गेम कुठून घेतलास ते लिहिलं नाहीस. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा साधा नियम असा की घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असशील तर रिफंड मिळतो. प्रीऑर्डरला हे १४ दिवस रिलीजपासून मोजतात. एपिक या दुसऱ्या दुकानाचा नियमही जवळपास असाच आहे. जीओजीवर ३० दिवस मिळतात. तुझे तीन आठवडे झालेत, आणि बंद पडून पुन्हा सुरू करण्यात गेलेला वेळही खेळलेल्या वेळात धरला जातो. हे मला अन्यायाचं वाटतं. पण स्टीमच्याच धोरणात लिहिलंय की नियमात बसत नसलात तरी अर्ज करा, आम्ही बघू. तेव्हा अर्ज करच. त्यात रडगाणं नको, राग नको. असं लिही: ‘गेम अमुक तारखेला घेतला. पुलानंतरच्या बाजारात दर वेळी बंद पडतो. अमुक आणि अमुक तारखेच्या दोन्ही पॅचनंतरही तसंच. विंडोज नव्याने टाकलं, ड्रायव्हर नवा आहे, बाकीचे गेम चालतात. फॉल्ट मॉड्यूल अमुक, ऑफसेट अमुक, पाच वेळा तोच. कंपनीला अमुक तारखांना कळवलं, उपाय मिळाला नाही. मला पूर्ण पैसे परत हवेत.’ इंग्रजीत एवढंच, छोट्या वाक्यांत. पहिला नकार आला तर पुढचा पॅच येऊन गेल्यावर पुन्हा कर.

अशा तक्रारींनी काही होत नाही असं म्हणू नकोस. जून २०१५ मध्ये ‘बॅटमन: आर्कहॅम नाइट’ पीसीवर इतक्या वाईट अवस्थेत आला की दोनेक दिवसांत कंपनीला त्याची पीसीवरची विक्री थांबवावी लागली. त्याच महिन्यात स्टीमने रिफंडची सोय सुरू केली होती आणि लोकांनी ती वापरली. गेम ऑक्टोबरअखेर विक्रीला परत आला, तेव्हाही कुरबुरी संपल्या नव्हत्या. शेवटी, कितीही तास खेळलेला असला तरी वर्षाअखेरपर्यंत पूर्ण पैसे परत देऊ, असं कंपनीला जाहीर करावं लागलं. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ सोनीने आपल्या दुकानातूनच काढला आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये परत घेतला. ज्यांनी नेमक्या शब्दांत तक्रारी केल्या आणि पैसे परत मागितले त्यांच्यामुळे हे झालं.

विकणाऱ्याने दादच दिली नाही तर आपल्याकडे कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. त्याखालच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत डिजिटल वस्तूही येतात, आणि भारतातल्या ग्राहकांना नियमित माल विकणारी परदेशी कंपनीही येते. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं, असं त्यात आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्याच्याही पुढे जायचं तर तू जिथे राहतोस त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे नाशिकलाच, तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. चार हजारांसाठी तू आयोगापर्यंत जावंस असं मी म्हणणार नाही. तारखा सांभाळायला रजा लागतील आणि तुझ्या रजा मोलाच्या आहेत. पण १९१५ ला तक्रार नोंदवायला अर्धा तास पुरतो. तेवढं कर.

प्रीऑर्डरबद्दल एकदाच बोलते. डिजिटल गेमचा स्टॉक संपत नाही. रिलीजनंतर आठवडाभर थांबलास तर तोच गेम त्याच किमतीत मिळतो, आणि आपल्यासारख्या कार्डावर कसा चालतो ते तोवर कळलेलं असतं. रजाही तेव्हाच टाक.

शिव्यांचं. तुझा राग खरा आहे. चार हजार रुपये घेऊन मोडका माल दिला, वर तीन आठवडे एकच छापील उत्तर. राग आला नसता तर मला नवल वाटलं असतं. पण तो मेल ज्याने उघडला त्याने रिलीजची तारीख ठरवलेली नाही. दिवसाला ढिगाने मेल वाचणारा, तुझ्याच वयाचा, कदाचित कंत्राटावर असलेला कुणीतरी तो. तारीख ठरवणारे वर बसलेत आणि त्यांच्यापर्यंत शिवी पोचत नाही. शिवीचा मेल वाचणारा बंद करून टाकतो, आणि त्यात तू लिहिलेली पुलाची कामाची माहितीही त्याच्याबरोबर जाते. दुसरा मेल पाठव. पहिल्या ओळीत माफी, मग रिफंडच्या अर्जात लिहिलीस तीच माहिती, बरोबर क्रॅशची फाइल, तुझं कार्ड, प्रोसेसर, रॅम, ड्रायव्हरचा नंबर. आणि पुलापासून बंद पडेपर्यंतचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. दुरुस्त करणाऱ्याला ती चूक स्वतःच्या मशीनवर घडवून आणता आली तरच ती सुटते. तुझ्याकडे दर वेळी हमखास घडते, म्हणजे तुझी तक्रार त्यांच्यासाठी सोन्यासारखी आहे.

आता जे मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त टोचलं ते. रात्री तीनला झोपून सकाळी सातला तू सीएनसीवर उभा राहतोस. गेम बंद पडला तर पुन्हा सुरू होतो. फिरत्या चकजवळ डुलकी लागली तर काय होतं ते अंबडमध्ये काम करणाऱ्या माणसाला मी लिहून दाखवायची गरज नाही. पाळी दर आठवड्याला बदलते म्हणजे शरीराला आधीच झोपेची घडी बसवता येत नाही, त्यात तू हे घातलंस. पहिल्या पाळीच्या आठवड्यात रात्री दहानंतर पीसी बंद. हे गेमसाठी नाही, सगळ्यासाठी. पहिल्या एक-दोन रात्री डोक्यात पूल फिरत राहील, तरी पडून राहा. सुपरवायझरशी बरं असेल तर या आठवड्यात झोप झालेली नाही एवढं त्याच्या कानावर घाल. यात कमीपणा नाही.

बाबांना काय सांगायचं हे तू विचारलं नाहीस, पण पाण्यात घातलेल्या पैशांचं वाक्य तू पत्रात आणलंस म्हणजे ते लागलंय. पीसी तुझ्या कमाईचा आहे आणि तो उत्तम चालतोय. बिघडलाय तो चार हजारांचा गेम. त्यांना हे एवढं स्पष्ट सांग आणि रिफंडचा अर्ज दाखव. तू दिवसभर राबून आणलेल्या पैशाबद्दल त्यांना काळजी वाटते, आणि तू तो परत मिळवायला शांतपणे हातपाय हलवतोयस हे दिसलं की बोलणं बदलतं. हप्त्याचा विषय निघाला असता तर मात्र मी बाबांच्या बाजूने उभी राहिले असते.

आणि ते तिघे. माझ्या मते तुझं खरं दुखणं तिथे आहे. इतके दिवस वाट बघितलेला गेम चौघांनी एकदम खेळायचा होता, एकमेकांना फोन करून ‘तू बाजारात पोचलास का’ विचारायचं होतं. तू पुलावर राहिलास आणि ते पुढे गेले. त्यांनी मात्र तुझ्यासाठी तोंड बंद ठेवलंय, तीन आठवडे! संपत आलेल्या गोष्टीबद्दल चकार शब्द न काढणं सोपं नाही. अशा मित्रांचा ग्रुप म्यूट करू नकोस. आज उघड आणि त्यांना मोकळं कर: ‘माझा अडकलाय, पॅच येईल तेव्हा बघू. तुम्ही बोला, मी चार दिवस ग्रुप वाचणार नाही. रविवारी मिसळीला भेटू, तिथे गेमचा विषय काढायचा नाही.’ आणि तोवर चौघांना चालेल असा एखादा जुना, पॅच खाऊन पक्का झालेला गेम शनिवारच्या रात्रीसाठी निवडा. नाशिकरोडच्या मित्राला चार शब्द सुनवावेसे वाटत असतील, तर आधी सेव्हची देवाणघेवाण होऊ दे.

रिफंड मिळाला नाही तर गेम पीसीवरून काढून टाक, सेव्ह मात्र जपून ठेव. पुढचे पॅच आले की लगेच डाउनलोड करायला धावू नकोस. पॅचबरोबर येणारी यादी वाच. ‘स्थैर्य सुधारलं’ एवढंच मोघम असेल तर सोडून दे. त्या बाजाराचा, त्या प्रकरणाचा, किंवा तुझ्या कार्डाच्या जातीचा स्पष्ट उल्लेख असेल तरच पुन्हा टाक.

नोंदीतल्या त्या तीन ओळी, प्रोसेसरचं नाव आणि कार्डावरची मेमरी मला कळव. रिफंडला काय उत्तर येतं तेही लिही. नकार आलाच तर १९१५ ला करायच्या तक्रारीचा मजकूर आपण दोघं मिळून तयार करू.

तुझी,
ताई